गल्ल्यामागचा माणूस आणि बुलेटप्रूफ जॅकेट
(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. साध्या नागरिकाने बुलेटप्रूफ जॅकेट विकत घेणं कुठे कायदेशीर आहे, कुठे नाही, आणि का. चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा प्रतापगड येतो, १६५९, अंगरख्याखालचं चिलखत. आज मी त्याच्या नातवंडांबद्दल बोलणार आहे. केव्हलारचं जॅकेट, स्टीलच्या किंवा सिरॅमिकच्या प्लेट्स, आणि त्यांच्याभोवती अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात विणलेलं कायद्याचं जाळं.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो, जर्सी सिटीत राहतो. पण कायदा वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हे आपल्याच धंद्यातलं काम आहे. कुणीतरी रिक्वायरमेंट लिहितो, त्यात एक व्याख्या असते, आणि ती व्याख्या एक इंच चुकली की सगळी सिस्टिम भलत्याच माणसाला अडवते.

थोडं तांत्रिक, पटकन. बुलेटप्रूफ हा शब्दच खोटा आहे, खरं तर गोळीरोधक म्हणायला हवं. अमेरिकेत एनआयजे नावाची सरकारी संस्था याची मानकं ठरवते. जुन्या पद्धतीत टू-ए, टू आणि थ्री-ए हे मऊ जॅकेटचे स्तर, पिस्तुलाच्या गोळीसाठी. थ्री आणि फोर म्हणजे कडक प्लेट, रायफलसाठी. २०२३ मध्ये ही नावं बदलली, आता हँडगनसाठी एचजी आणि रायफलसाठी आरएफ अशी अक्षरं आहेत. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मऊ जॅकेट आणि कडक प्लेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुढे याच फरकावर एक अख्खा कायदा घसरून पडणार आहे. आणि हो, चाचणीत जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधून गोळी झाडतात. आत ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी जॅकेट पास. म्हणजे जवळजवळ साडेचार सेंटिमीटर! गोळी थांबली म्हणजे माणसाला काही झालं नाही, असं मुळीच नाही. फासळ्या जाऊ शकतात.

आता हे मऊ जॅकेट आलं कुठून? केव्हलारचा धागा स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत शोधला. पण शर्टाखाली रोज घालता येईल असं जॅकेट लोकांपर्यंत नेणारा माणूस पोलीस नव्हता. रिचर्ड डेव्हिस नावाचा डेट्रॉइटचा पिझ्झावाला होता. त्याने स्वतः सांगितलेली कथा अशी, की १९६९ मध्ये पिझ्झा पोचवायला गेला असताना लुटारूंशी गोळीबार झाला, तो जखमी झाला, आणि तिथून त्याच्या डोक्यात हे शिरलं. या कथेवर पुढे एका माहितीपटाने शंका घेतली आहे, ते सोडा. त्याने सेकंड चान्स नावाची कंपनी काढली आणि आपला माल विकायला स्वतःच्या छातीवर, हो, स्वतःच्याच, जॅकेट घालून गोळी झाडून दाखवायचा. एकदा नाही, आयुष्यभरात जवळजवळ दोनशे वेळा. त्याच कंपनीने पुढे झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेट विकली, तो धागा उष्णतेने आणि दमटपणाने कमजोर व्हायचा, आणि सगळं कोसळलं. पण मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. ज्याच्या नावावर ही वस्तू घराघरांत माहीत झाली, तो रात्री एकटा, रोख पैसे घेऊन धंदा करणारा माणूस होता.

हे मनात ठेवा. कारण आजच्या न्यूयॉर्कमध्ये असा माणूस दुकानात गेला तर त्याला आधी विचारतील, तुमचा व्यवसाय यादीत आहे का?

न्यूयॉर्ककडे यायच्या आधी मागचं थोडं सांगतो. अमेरिकेत बराच काळ चिलखत कुणीही घ्यावं अशी स्थिती होती. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स गेल्फ नावाच्या पोलिसाला एका माणसाने मारलं. त्या माणसाच्या अंगावर जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट होतं. त्याला रोखायला शंभरावर पोलीस लागले. मग १९९७, लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये बँक लुटणारे दोघे चिलखत चढवून रस्त्यावर आले. पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यांना लागत होत्या आणि ते चालत होते. शेवटी पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. टीव्हीवर थेट दिसलं हे. त्यातला एक पायांत गोळ्या लागून, रक्त जाऊन मेला, कारण पाय उघडे होते.

इथे एक आडवाट घेतो, राहवत नाही. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध दरोडेखोर नेड केली. १८८० मध्ये ग्लेनरोवन गावात नांगराच्या लोखंडी पत्र्यांपासून बनवलेलं, चाळीस किलोच्या वर वजनाचं चिलखत घालून तो पोलिसांसमोर आला. त्यालाही पायांत गोळ्या घालूनच पाडला. ११७ वर्षांचं अंतर, दोन खंड, आणि तोच बग. असो.

तर या प्रकरणांनंतर कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये गेल्फ यांच्या नावाने कायदा केला, आणि २००२ मध्ये केंद्राने. केंद्राच्या कायद्याचा प्रश्न सरळ आहे. तुम्ही कोण आहात? हिंसक गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस चिलखत विकत घेऊ शकत नाही, बाळगू शकत नाही. बाकी सगळे घेऊ शकतात. गंमत म्हणजे त्या शिक्षा झालेल्या माणसालाही एक खिडकी ठेवली आहे. त्याच्या कायदेशीर नोकरीत जिवाला धोका असेल आणि मालकाने आधी लेखी प्रमाणपत्र दिलं असेल, तर तो बचाव म्हणून ते कोर्टात मांडू शकतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. पुढे का ते कळेल.

कॅलिफोर्नियाची गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. त्यांनी बंदी कशावर घातली? तर सरकारी प्रमाणन नियमांत बसणाऱ्या चिलखतावर. २००९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे कलमच रद्द केलं. म्हणणं साधं होतं. आपल्या अंगावरचं जॅकेट अमुक चाचणीत पास होतं की नाही हे सामान्य माणसाला कसं कळणार? ज्याला नियम मोडतोय हेच कळू शकत नाही त्याला शिक्षा कशी देणार? म्हणजे व्याख्या इतकी अचूक की निरुपयोगी. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ती सोप्या भाषेत पुन्हा लिहिली. प्रॉडक्शनमध्ये फुटल्यावर हॉटफिक्स. आपण पण हेच करतो.

आता न्यूयॉर्क. १४ मे २०२२, बफेलो शहर, टॉप्स नावाचं किराणा दुकान, शनिवारची दुपार. एक १८ वर्षांचा गोरा मुलगा कृष्णवर्णीयांना मारायचं ठरवून तीन-साडेतीन तासांचं अंतर गाडी चालवत आला. दहा जण गेले. दुकानाचे सुरक्षारक्षक होते आरोन साल्टर, बफेलो पोलिसांतून निवृत्त झालेले. त्यांनी गोळी झाडली, ती लागलीही, पण त्या मुलाच्या अंगावर चिलखत होतं. गोळी अडली आणि साल्टर मारले गेले.

मी इथे कितीही स्पेक आणि बग म्हणत बसलो तरी ही एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. एका प्रशिक्षित, सावध माणसाने जे करायचं ते वेळेवर केलं, आणि ते बाजारात कुणालाही मिळणाऱ्या प्लेटने फोल ठरवलं. त्यामुळे 'लोकांना चिलखत घालू द्या, त्याने कुणाचं काय बिघडतं' हे वाक्य मला आता पूर्वीसारखं सहज म्हणता येत नाही. बिघडतं. बफेलोत बिघडलं.

तीन आठवड्यांत, जूनच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कने कायदा केला. सामान्य माणसाला 'बॉडी व्हेस्ट' विकायला आणि घ्यायला बंदी. आणि 'बॉडी व्हेस्ट' म्हणजे काय? कायद्यात आधीपासून पडून असलेली व्याख्या उचलली. मऊ गोळीरोधक जॅकेट. बफेलोच्या मारेकऱ्याच्या अंगावर होत्या कडक स्टीलच्या प्लेट्स! म्हणजे ज्या वस्तूमुळे कायदा झाला, ती वस्तू कायद्याच्या बाहेर, आणि त्या प्रकरणाशी संबंध नसलेली वस्तू आत. कुणीतरी जुन्या कोडमधून फंक्शन कॉपी केलं आणि आत काय आहे ते वाचलं नाही. पत्रकारांनी हे लगेच दाखवून दिलं.

महिन्याभरात, जुलैच्या सुरुवातीला, दुरुस्ती झाली. नवी व्याख्या साधारण अशी, की बंदुकीच्या गोळीपासून बचावासाठी अंगावर घालायचं कुठलंही आवरण, एकटं घाला किंवा दुसऱ्या कपड्याला जोडून घाला. आता प्लेटही आत आल्या, मऊ जॅकेटही राहिलं, सगळंच आत. आणि घेऊ कोण शकतं? पोलीस, शांतता अधिकारी, सैन्यातले, आणि 'पात्र व्यवसाय' करणारे. ते पात्र व्यवसाय कोणते हे राज्याच्या स्टेट डिपार्टमेंटने इतर खात्यांशी बोलून ठरवायचं. निकष असा, की त्या व्यवसायात गंभीर दुखापतीचा धोका असावा आणि तो धोका चिलखताने टळावा किंवा कमी व्हावा.

केंद्र विचारतं, तुम्ही कोण आहात. न्यूयॉर्क विचारतं, तुम्ही काय काम करता. छोटा वाटतो फरक, पण इथे सगळं उलटं होतं. पहिल्यात सगळ्यांना परवानगी आणि काहींना बंदी. दुसऱ्यात सगळ्यांना बंदी आणि काहींना परवानगी. नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल, ब्लॉकलिस्टची अलाउलिस्ट झाली. आणि अलाउलिस्टचा नेहमीचा त्रास हा, की ती बनवणाऱ्याला जेवढी माणसं आठवली तेवढीच तिच्यात येतात.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याचं कारण आमचे एक काका. नात्याने काका नाहीत, गणपतीच्या मंडळातली ओळख. मूळचे साताऱ्याकडचे, न्यूयॉर्क राज्यात एका छोट्या गावी गॅस स्टेशन आणि त्याला लागून दुकान चालवतात. दोन वर्षांत दोनदा रात्री पिस्तूल दाखवून गल्ला नेला. दुसऱ्यांदा काकू आत मागच्या खोलीत होत्या. मला फोन आला, "अरे, ते ऑनलाइन माझ्या पत्त्यावर पाठवत नाहीत म्हणतायत. तू जर्सीत आहेस ना? तुझ्या नावावर मागवून ठेव, मी शनिवारी येतो न्यायला. पैसे लगेच देतो."

मी म्हटलं, काका, एक दिवस द्या, जरा वाचतो.

वाचल्यावर जे सापडलं ते असं. न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. एक घेणाऱ्यासाठी. पात्र व्यवसायात नसताना जाणूनबुजून चिलखत विकत घेणं किंवा ताब्यात घेणं. दुसरं देणाऱ्यासाठी. समोरचा पात्र नाही हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवं असताना, त्याला विकणं, बदल्यात देणं किंवा नुसतं देणं. म्हणजे भेट दिली तरी. पहिल्यांदा झालं तर क्लास ए मिसडिमीनर, पुन्हा झालं तर फेलनी. मिसडिमीनर म्हणजे जवळजवळ वर्षभर तुरुंगवास होऊ शकतो. आणि मी एच-वन-बीवर. व्हिसावरच्या माणसाला शिक्षेआधी नुसता खटलाच पुरतो, हे ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना सांगायची गरज नाही. पाथ ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर राज्याची हद्द. न्यू जर्सीचा कायदा वेगळीच गोष्ट विचारतो. जॅकेट घालून गुन्हा केलात का? केलात तर तो वेगळा गुन्हा. नदीच्या या काठाला जे जॅकेट माझ्या कपाटात शांतपणे राहू शकतं, तेच त्या काठाला काकांच्या हातात दिलं की दोघं गुन्हेगार.

काकांना सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे दुकानात बंदूक ठेवायला मी परवाना मागू शकतो, पण छातीवर कापड बांधायला नाही?" मी म्हटलं, खात्याकडे विचारणा करता येईल, तुमचा धंदा निकषात बसवून दाखवावा लागेल. त्यावर त्यांचं उत्तर मी इथे सांगत नाही. शेवटी त्यांनी काऊंटरला जाड पॉलिकार्बोनेटची काच बसवली आणि गल्ल्याला एक टाइम-लॉकची तिजोरी घेतली, जी मालकालाही लगेच उघडता येत नाही. काच भिंतीला लावायची आहे, अंगाला नाही, म्हणून तिला हा कायदा लागत नाही.

आणि इथे मला केंद्राच्या कायद्यातली ती खिडकी आठवते. शिक्षा झालेल्या माणसाला मालकाची चिठ्ठी हा बचाव केंद्राने दिला. ज्याच्यावर आयुष्यात साधी केस नाही, जो स्वतःच मालक आहे, त्याने न्यूयॉर्कात चिठ्ठी कुणाकडून आणायची?

माझं मत विचाराल तर मला शेजारच्या कनेटिकटची जुनी पद्धत जास्त पटते. तिथे कितीतरी वर्षं नियम एवढाच होता, की चिलखत विकायचं तर समोरासमोर. टपालाने नाही, ऑनलाइन नाही. घेणाऱ्याने माणसासमोर उभं राहायचं. २०२३ मध्ये त्यांनी आणखी कडक केलं, आता बंदुकीचा परवाना किंवा त्यासाठीचं पात्रता प्रमाणपत्र अशा कागदांची अट आहे. तरी निदान तो कागद तुमचा इतिहास तपासून मिळतो, तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय त्यावरून नाही.

कॅनडात हाच विचार आहे. तिथे चिलखताचे कायदे प्रांतांचे. ब्रिटिश कोलंबियात २००९ च्या आसपास व्हँकुव्हर भागात टोळ्यांनी एकमेकांना भररस्त्यात मारायला सुरुवात केली होती, टोळीतली पोरं जॅकेट घालून फिरायची. त्या प्रांताने कायदा केला, मग अल्बर्टा, मॅनिटोबा वगैरे. परवाना काढा, पार्श्वभूमी तपासून घ्या, मग घ्या. ज्याच्याकडे बंदुकीचा वैध परवाना आहे त्याला वेगळा परवाना लागत नाही. ऐकायला उलटं वाटतं, बंदूकवाल्याला ढाल मोकळी! पण तर्क आहे, त्या माणसाला सरकारने एकदा तपासलेलं आहे. ऑन्टारियोत असा प्रांतीय कायदा नाही, त्यामुळे टोरांटोतल्या आणि व्हँकुव्हरमधल्या मराठी मंडळींना एकाच देशात दोन वेगळी उत्तरं मिळतील.

ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक. न्यू साउथ वेल्समध्ये चिलखत चक्क निषिद्ध शस्त्रांच्या यादीत आहे. शस्त्रांच्या! परवान्याशिवाय बाळगलं तर कमाल शिक्षा १४ वर्षं. आणि खरं कारण दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. देशात आणायलाही वेगळी परवानगी. नेड केलीच्या देशाने धडा घेतला म्हणायचं. ब्रिटनमध्ये याउलट कुणीही घ्या, बंदी नाही. जर्मनीचा मार्ग मला हुशार वाटतो. वस्तू ठेवा घरात, पण मोर्चात, सभेत घालून यायचं नाही. त्यांच्या भाषेत त्याला संरक्षण-शस्त्र असा शब्दच आहे. वस्तूवर नाही, जागेवर बंदी.

चिलखत हे शस्त्र आहे की नाही, हा वाद अमेरिकेत आता घटनेपर्यंत गेला आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने 'आर्म्स' शब्दाचा जुना अर्थ शोधताना सॅम्युअल जॉन्सनच्या १७७३ च्या शब्दकोशाचा आधार घेतला, आणि त्या नोंदीत हल्ल्याच्या हत्यारांबरोबर बचावाचं चिलखतही धरलेलं आहे. आपण तरी काय म्हणतो, ढाल-तलवार, एका श्वासात. त्यामुळे बंदूक बाळगायचा हक्क असेल तर ढालीचा का नाही, असा युक्तिवाद होतो, आणि न्यूयॉर्कच्या बंदीला फेडरल कोर्टात आव्हानही दिलं गेलं आहे.

मला विचाराल तर घटनेच्या आधी व्याख्या दुरुस्त करावी. निकष कायद्यातच लिहिलेला आहे, धोका आहे का आणि चिलखताने तो कमी होतो का. रात्री अकरानंतर एकटा रोख पैसे मोजणारा माणूस त्यात बसतो, मग तो गॅस स्टेशनवाला असो, टॅक्सीवाला असो की पिझ्झा पोचवणारा. त्याची पार्श्वभूमी तपासा, समोर बोलवा, नोंद ठेवा. बफेलोचा मुलगा अशा खिडकीसमोर उभा राहिला असता का, मला शंका आहे. त्याला कुरिअरचं खोकं हवं होतं.

जाता जाता, गेल्या भागाखाली एकाने विचारलं होतं की असं जॅकेट बॅगेत घालून भारतात किंवा फिरायला नेता येतं का. भारतातल्या नियमांवर वेगळा भाग करतो, तिथे घाईने काही बोलत नाही. पण अमेरिकेतून बाहेर नेताना निर्यातीचे नियम लागतात, स्तर फोरच्या प्लेट्स तर लष्करी सामानाच्या यादीत आहेत. आणि थायलंडला चुकूनही नेऊ नका. तिथे ते युद्धसाहित्य मानतात, परवाना नसेल तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. २०१५ मध्ये बँकॉकच्या बॉम्बस्फोटाची बातमी करून परत निघालेल्या हाँगकाँगच्या एका छायाचित्रकाराला विमानतळावरच अटक झाली. बॅगेत जॅकेट आणि हेल्मेट होतं, एवढंच.